गेल्या सात दिवसांचा हिशेब : केमोथेरपी, जीवनगुणवत्ता आणि एक प्रश्नावली



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की हे व्याख्यान एखाद्या डॉक्टरांनी द्यायला हवं होतं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. औषधाच्या मात्रेबद्दल बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तसं बोलणारही नाही. आज आपण एक मजकूर वाचणार आहोत. तो दोन-चार पानांचा आहे, त्यात ५३ प्रश्न आहेत, आणि स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या बायकांचं आयुष्य कसं चाललं आहे हे जगभर ज्या मजकुरांवरून ठरवलं जातं, त्यांतला हा एक प्रमुख. एखादं काव्य, एखादा ग्रंथ जसा आपण ओळीओळीने तपासतो, तशी ही प्रश्नावली तपासायची, एवढंच आमचं काम.

आपल्या वर्ध्याला हा विषय दूरचा नाही. एका बाजूला सेवाग्राम, जिथे गांधीशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. दुसऱ्या बाजूला सावंगी. यवतमाळ-चंद्रपूरकडून येणाऱ्या बसमध्ये सकाळी डोक्यावर घट्ट पदर घेतलेली, मांडीवर फाईल धरलेली बाई तुम्ही पाहिली नसेल असं होणार नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकरच्या वयात गाठतो. म्हणजे जिच्यावर घर आणि शेत दोन्ही उभं आहे, अशा वयात.

आता आमच्याच घरातली गोष्ट. आमची धाकटी बहीण देवळी तालुक्यात असते. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. तिला हा आजार झाला तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ती आमच्याकडे वर्ध्यालाच होती. आधी चार डोस लाल औषधाचे, मग चार डोस दुसऱ्या औषधाचे, प्रत्येक डोस २१ दिवसांनी. आज हे सगळं तिला विचारून सांगतो आहोत. ती म्हणाली, "सांग ना दादा, पन माहं नाव घेऊ नको."

सहाव्या डोसच्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी आमच्यापाशी आली. तिच्या प्रबंधासाठी तिला प्रश्नावली भरून हवी होती. मुलगी फार गोड, नम्र. बहिणीचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून पेन आम्ही हातात घेतलं. प्रश्न आम्ही वाचायचा, तिने सांगायचं, खूण आम्ही करायची. वीसेक मिनिटांत काम झालं. त्या वीस मिनिटांत काय काय चुकलं हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चुकीचीच समीक्षा आहे, असं समजा.

पण समीक्षा करायची तर आधी गुण सांगावेत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक मोजपट्टी बनवली. शून्य म्हणजे मृत्यू, शंभर म्हणजे ठणठणीत. ती त्या काळात नव्याने आलेल्या केमोथेरपीचा परिणाम पाहण्यासाठीच होती. त्या पट्टीवर खूण कोण करायचं? डॉक्टर. रुग्णाला विचारायचं काही कारणच नव्हतं. पुढे युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेने, जिला ई.ओ.आर.टी.सी. म्हणतात तिने, १९९३ साली ३० प्रश्नांची 'सी-३०' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि १९९६ साली स्तनाच्या कर्करोगासाठी २३ प्रश्नांची पुरवणी आली, 'बीआर-२३'. तीस आणि तेवीस मिळून त्रेपन्न. टाटा रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी २००५ साली ती भारतीय स्त्रियांवर पडताळूनही पाहिली. यातली मोठी गोष्ट अशी की उत्तर रुग्णाने द्यायचं आहे. तुझं दुखणं तूच सांग, डॉक्टरांनी बाहेरून ठरवायचं नाही. ही लहान क्रांती नव्हे. आपल्याकडे बाईच्या दुखण्याचं वर्णन आधी नवरा करतो, मग सासू, आणि ती स्वतः शेवटी मान हलवते. तिथे ५३ प्रश्न घेऊन कुणी तिच्यासमोर बसतं, याचा आदर राखूनच पुढचं बोलतो आहोत.

पहिला मुद्दा नावाचा. 'क्वालिटी ऑफ लाइफ' याला मराठीत काय म्हणायचं? 'जीवनमान' म्हटलं की आपल्याला पगार, घर, गाडी आठवते. म्हणून 'जीवनगुणवत्ता' म्हणतात. आता 'गुणवत्ता' हा शब्द मराठी कानाला कुठून ओळखीचा आहे? बोर्डाच्या गुणवत्ता यादीतून! (हशा) हसू नका, कारण नेमकं तेच झालं. बहिणीने विचारलं, "हे कायचे मार्क हायेत?" आम्ही म्हणालो, मार्क नाहीत, तुला कसं वाटतं ते विचारताहेत. तिने आमच्याकडे जरा संशयाने पाहिलं. तिचा संशय चुकीचा नव्हता. उत्तरांचे शेवटी शून्य ते शंभर असे आकडेच होतात.

आपल्या वैशेषिकांनी सुख आणि दुःख यांना आत्म्याचे गुण मानलं आहे, चोवीस गुणांच्या यादीत ते बसवले आहेत. तिथे गुण म्हणजे धर्म, लक्षण. शाळेत गुण म्हणजे मार्क. आणि घरात? घरात आपण म्हणतो, औषधाला गुण आला. बहीण या तिसऱ्या अर्थाने उत्तरं देत होती. औषधाला गुण आला की नाही, एवढंच लोकांना हवं आहे, असा तिचा समज. आणि गुण आला नाही असं कागदावर गेलं तर? एकदा तिच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, म्हणून डोस आठवडाभर पुढे ढकलला होता. तो आठवडा तिने नापास झालेल्या पोरासारखा काढला. त्यामुळे आता त्रास सांगितला की डोस पुढे जाणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग ती त्रास कशाला सांगेल?

दुसरा मुद्दा काळाचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. या प्रश्नावलीतले बहुतेक प्रश्न गेल्या एका आठवड्याबद्दल विचारतात. ऐकायला रास्त वाटतं. माणसाला महिन्याभराचं नीट आठवत नाही, आठवड्याचं आठवतं. पण केमोथेरपीचा काळ सपाट नसतो. २१ दिवसांच्या चक्रात पहिले चार-पाच दिवस मळमळ, अंगदुखी, अन्नाचा वास नको. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी उतरतात, तोंड येतं, ताप येईल की काय ही धास्ती. तिसऱ्या आठवड्यात माणूस हळूहळू उठून बसतो, वरण-भात गोड लागतो, शेजारीण आली तर दोन शब्द बोलतो. आणि प्रश्नावली कधी भरतात? बहुधा पुढच्या डोसच्या दिवशी, कारण रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात येतो! म्हणजे विचारलेले सात दिवस कोणते? पंधरावा ते एकविसावा. तीन आठवड्यांतला नेमका सर्वांत बरा आठवडा.

आपल्या भागातली उपमा द्यायची तर, दिवाळीत येऊन शेतकऱ्याला विचारायचं, घरात धान्य आहे का? आहे म्हणतो तो. आषाढात कुणी विचारलं नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात याबद्दल सावध केलेलं आहे. एका पाखरावरून वसंत आला असं ठरत नाही, तसं एका दिवसावरून किंवा थोड्या काळावरून माणूस सुखी ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. तो हेही सांगतो की तोच माणूस आजारी पडला की आरोग्याला सुख म्हणतो आणि गरीब झाला की पैशाला. आम्ही हे वर्गात तीस वर्षं शिकवलं. आणि पेन हातात असताना आम्हाला त्यातलं काहीही आठवलं नाही.

बहिणीकडे मात्र स्वतःचं मोजमाप होतं. ती रोज 'गजानन विजय' या पोथीचा एक अध्याय वाचते. दासगणूंच्या या पोथीचे अध्याय किती? एकवीस. डोसच्या दिवशी पहिला अध्याय सुरू केला की पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी एकविसावा संपतो. डॉक्टरांनी चक्र आखून दिलं होतं, ते तिने पोथीवर बसवलं. "तिसऱ्या अध्यायापर्यंत उठाले होत नाही. नवव्या-दहाव्याले तोंड येते. पंधराव्यापासून बरं." ज्या दिवशी वाचवलं नाही त्या अध्यायाच्या सुरुवातीला तिने पेन्सिलने बारीक टिंब केलं. आठ आवर्तनं झाली. पुढे एकदा सहज आम्ही पोथी उघडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायावर आठ-आठ टिंबं, पंधराव्याच्या पुढे एकही नाही. त्रेपन्न प्रश्नांना जे सापडलं नाही ते त्या टिंबांत दिसत होतं. पोथीमुळे ती बरी झाली असं आम्ही म्हणत नाही आहोत. आमचं म्हणणं एवढंच की तिने काळ मोजला आणि आम्ही मोजला नाही.

तिसरा मुद्दा, प्रश्नांच्या आतलं जग. शारीरिक क्षमतेचे पाच प्रश्न आहेत. पहिल्यात कष्टाच्या कामाचं उदाहरण म्हणून बाजाराची जड पिशवी किंवा सुटकेस उचलणं दिलं आहे. ती म्हणाली, "बाजार तर हेच आनतात. थोडंसं लिव." लांब चालणं? "नाही त्रास." जवळपास चालणं, दिवसा पडून राहणं, जेवण-आंघोळीला मदत? नाही, नाही, नाही. शोधनिबंधाच्या सूत्राने याचा हिशेब केला तर शंभरपैकी ९३ येतात. प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्यासह! आणि हीच बाई त्या महिन्यात कापूस वेचू शकत नव्हती.

वेचणी म्हणजे काय हे युरोपातल्या प्रश्नावलीला माहीत असण्याचं कारण नाही, पण आपल्याला माहीत आहे. कमरेला झोळी, दिवसभर वाकून उभं राहायचं, उललेल्या बोंडातून बोटांच्या टोकांनी कापूस ओढायचा. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला टोचणं, चिरणं वाईट, कारण त्या हाताला सूज येऊ शकते. आणि दुसऱ्या चार डोसांचं जे औषध असतं, पॅक्लिटॅक्सेल, ते बोटांच्या मज्जातंतूंवर परिणाम करतं. मुंग्या येतात, मग बधिरता. बोटाला टोक टोचलं तरी कळत नाही, रक्त पाहून कळतं.

आता ऐका. त्या त्रेपन्न प्रश्नांत बोटांच्या मुंग्यांबद्दल एकही प्रश्न नाही. केस गळण्यावर आहे, तोंडाच्या चवीवर आहे, डोळ्यांवर आहे, दंडाच्या सुजेवर आहे. बोटांवर नाही. प्रश्नावली करणाऱ्यांनाही ही उणीव जाणवली. त्यांनी २००५ साली केवळ मज्जातंतूंच्या त्रासासाठी २० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली काढली, तिच्यात छोटी बटणं लावता येतात का असंही विचारलं आहे. ब्लाऊजचे हूक म्हणा हवं तर. पण त्या सकाळी आमच्यासमोर ती नव्हती. जे विचारलं नाही ते बहिणीने सांगितलं नाही, आणि जे तिने सांगितलं नाही ते आम्ही विचारलं नाही. सहाव्या, सातव्या, आठव्या डोसला तिची बोटं बधिर होत गेली. डॉक्टरांना हे वेळेवर कळलं असतं तर त्यांनी मात्रेचा विचार केला असता, निदान केला असता की नाही हे त्यांना ठरवता आलं असतं. त्यांच्यापर्यंत ते पोहोचलंच नाही. हा दोष कुठल्या रुग्णालयाचा म्हणून सांगत नाही. पेन आमच्या हातात होतं.

छंदांबद्दल प्रश्न आहे. "छंद म्हंजे?" असं विचारून ती हसली. लक्ष लागण्याबद्दल आहे, वर्तमानपत्र वाचणं किंवा टीव्ही पाहणं यांची उदाहरणं देऊन. ती म्हणाली, टीव्ही तर दिसतो. पोथी वाचताना ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही, कारण पोथीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पैशाच्या अडचणीवर एक प्रश्न आहे, फक्त एक. ती म्हणाली, योजनेत झालं, काही लागलं नाही. खरं आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत औषधाचा खर्च झाला. पण जावयांचे रोजाचे दिवस बुडाले, ऐन हंगामात वेचणीला बाहेरून मजूर लावावे लागले आणि बैलजोडी विकली गेली. तिच्या हिशेबात ती बैलजोडी आजाराच्या खात्यात नव्हती, शेतीच्या खात्यात होती. तिच्या बाजूने पाहिलं तर ती खोटं बोलली नाही.

आणि केसांचा प्रश्न. केस गळल्याचं वाईट वाटलं का, असं विचारतात. स्वतःच्या शरीराबद्दल कसं वाटतं असंही विचारतात, सौंदर्याच्या, स्त्रीपणाच्या भाषेत. अमेरिकेतली कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन लावायला नकार दिला आणि १९८० साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. लोकांना बरं वाटावं म्हणून माझं शरीर मी का झाकू, असा तिचा सवाल होता. तो आपल्यालाही लागू आहे, पण आपल्याकडे केसांचा अर्थ आणखी वेगळा आहे. महाराष्ट्रात बाईचं मुंडण म्हणजे केशवपन. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला होता. प्रथा गेली, पण डोळ्यांतलं चित्र गेलं नाही. आमच्या बहिणीला दुःख रूप गेल्याचं नव्हतं. नवरा जिवंत असताना डोक्यावर केस नाहीत, हे तिला अशुभ वाटत होतं. त्या संक्रांतीला ती कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. 'केस गळल्याचं वाईट वाटलं का' या प्रश्नाला तिने 'थोडंसं' म्हटलं. त्या 'थोडंसं'मध्ये आख्खी संक्रांत होती.

चौथा मुद्दा आम्हाला सांगायला अवघड जातो. पुरवणीत नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तीन प्रश्न आहेत. आम्ही ते वाचले नाहीत, पान उलटलं. विद्यार्थिनीनेही खाली पाहिलं. वयाने मोठा भाऊ पेन धरून बसला आहे, तिथे बहीण काय उत्तर देणार? त्या जागा कोऱ्या राहिल्या. आता अशा कोऱ्या जागा पुष्कळ झाल्या की कुणीतरी लिहून टाकतो, भारतीय स्त्रिया या विषयावर बोलत नाहीत. बोलत नाहीत की बोलायला एकान्त मिळत नाही? आम्ही उठून बाहेर गेलो असतो आणि ती मुलगी तिच्याजवळ बसली असती, तर एखादी खूण झाली असती. कदाचित नसतीही झाली. पण तो कोरेपणा मग तिचा असता, आमचा नसता.

इथे कुणी म्हणेल, सर, बाई स्वतः म्हणते मला त्रास नाही, तर तुम्ही कोण ठरवणारे तिला त्रास आहे म्हणून? हा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देता येणार नाही. अमर्त्य सेन यांनी यावर फार विचार केला आहे. योगायोग पाहा, मार्था नुसबॉम आणि सेन यांनी संपादित केलेलं 'द क्वालिटी ऑफ लाइफ' हे पुस्तकही १९९३ सालचंच, सी-३०च्याच वर्षाचं. सेन दाखवतात की आजारी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण केरळात जास्त आणि बिहारमध्ये कमी. म्हणजे बिहार जास्त निरोगी का? नाही. जिथे शिक्षण आणि दवाखाने आहेत तिथे माणसाला आपलं दुखणं दुखणं म्हणून ओळखता येतं. जिथे आयुष्यभर काही मिळालंच नाही तिथे माणूस अपेक्षाच लहान करतो, आणि मग 'बरं आहे' म्हणतो. प्रश्नावलीच्या अभ्यासकांनाही हे माहीत आहे. आजारपणात माणसाची आतली मोजपट्टीच सरकते, असं त्यांनी नोंदवलं आहे.

पण आम्ही सेन यांच्यापाशी पूर्ण थांबत नाही. कारण एवढ्यावरच थांबलं तर आपण उलट्या चुकीत पडतो. बाईचं म्हणणं खरं नाही, तिला काय होतं ते आम्हा शिकलेल्यांना कळतं, असं होतं. मग आपण पुन्हा कार्नोफ्स्कीच्या पट्टीवर येऊन पोहोचलो! आमची बहीण 'मुळीच नाही' म्हणाली ते अज्ञानाने नव्हे. तिला डोस चुकवायचा नव्हता, भावाला घाबरवायचं नव्हतं, आणि मुलीच्या लग्नाआधी उभं राहायचं होतं. तिने विचार करून उत्तर दिलं. फक्त ते उत्तर आपण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं, तिच्यापुढच्या प्रश्नाचं होतं. तेव्हा तिचं उत्तर खोडायचं नाही. तिच्यापुढचा प्रश्न कोणता होता, ते शोधायचं.

आपल्या सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे, पाहिली असेल तुम्ही. शास्त्री संस्कृतचे पंडित, महारोगाने ग्रासलेले. लोक जवळ येत नसत अशा काळात गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांची मालीश केली. यातून 'गांधीजी थोर' एवढंच काढायचं असेल तर ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट दिसते. मालीश रोज करावी लागते. रोज ज्याचा हात तुमच्या अंगाला लागतो त्याला न विचारता कळतं, काल इथे दुखत नव्हतं, आज दुखतं. विचारणारा आणि उपचार करणारा तिथे एकच आहे. आपल्या प्रश्नावलीत हे दोघे वेगळे झाले. विचारलं विद्यार्थिनीने, उत्तर गेलं प्रबंधात, प्रबंध गेला कपाटात. सातव्या डोसच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर त्यातलं काहीच नव्हतं.

आणि हे फक्त भावनेचं बोलणं नाही. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या, रोग पसरलेल्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. एका गटाची नेहमीसारखी देखभाल. दुसऱ्या गटाने आपला त्रास संगणकावर वरचेवर कळवायचा, आणि त्रास वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जायची. दुसऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान सुमारे पाच महिन्यांनी जास्त निघालं, २६ महिन्यांऐवजी ३१. विचारण्याने एवढा फरक पडला, कारण विचारलेलं योग्य माणसाकडे वेळेवर पोहोचलं. म्हणून विचारणं बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, नीट विचारा आणि उत्तराचं काहीतरी करा, असं म्हणतो.

या सभागृहात वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी बसलेले दिसतात. त्यांना चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, प्रत्येक प्रश्नावलीवर तारखेबरोबर चक्राचा दिवस लिहा. आज कितवा दिवस? एकविसावा असेल तर तसं लिहा, आणि एकदा तरी चौथ्या आणि दहाव्या दिवशी फोन करून विचारा. गावातल्या आशाताईंना विचारायला सांगा. आकडा तोच असेल, अर्थ बदलेल.

दोन, पेन कुणाच्या हातात होतं ते लिहा. नवरा, मुलगा, भाऊ, विद्यार्थिनी. आणि काही प्रश्नांना त्या माणसाला बाहेर पाठवा. भाऊ प्राध्यापक असला तरी पाठवा.

तीन, छापील यादी संपली की तिची यादी विचारा. डब्लिनच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात अशीच एक पद्धत काढली होती. त्यात आयुष्यातल्या महत्त्वाच्या पाच गोष्टी रुग्णाने स्वतः सांगायच्या, आणि मग त्या कशा चालल्या आहेत तेही त्यानेच सांगायचं. आमच्या बहिणीने काय सांगितलं असतं? वेचणी, पोथी, हळदीकुंकू, मुलीचं लग्न. बाजाराची पिशवी त्यात नसती.

चार, जे कळलं ते प्रबंधात घाला, पण त्याच दिवशी तिच्या फाईलमध्येही घाला. नाहीतर आपण तिचा वेळ घेतला आणि तिला काही दिलं नाही.

आता शेवटचं. तुम्ही विचाराल, बहीण कशी आहे? आहे, बरी आहे, तपासणीला वर्षातून दोनदा येते. मुलीचं लग्न झालं. केस आले, आधीपेक्षा कुरळे आले, त्याचं तिला हसू येतं. बोटांची बधिरता बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. ती वेचणीला जात नाही. घरी आणलेल्या ढिगातून साफ आणि कवडी कापूस वेगळा करत बसते, डोळ्यांनी, कारण बोटांना फरक कळत नाही. मागच्या दिवाळीत आम्ही तिला विचारलं, त्या दिवशी बोटांचं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू इचारलंच कुठं? तू तर वाचत होता."

आम्ही वाचत होतो, हे अगदी खरं आहे. पन्नास वर्षं वाचण्यातच गेली. तुमच्यापैकी जे पुढे अशी प्रश्नावली घेऊन एखाद्या बाईसमोर बसतील, त्यांनी कागदावरून मान वर करून तिच्या हातांकडे एकदा पाहावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.